'पिस्टन धरलाय' सांगून धडधाकट चेनसॉ काढून घेतला: एक्स्चेंजला हो म्हणण्याआधी वाचा

मशीन चालू होतं, आयडलला नीट फिरतं, पण बाभळीच्या खोडात पट्टी गेली की आवाज बसतो, लोड घेत नाही. ही तक्रार घेऊन दुकानात गेलं की हल्ली एकच उत्तर तयार असतं: "पिस्टन धरलाय (म्हणजे सिलिंडरला घासून अडकलाय), इंजिन गेलंय, जुनं एक्स्चेंजमध्ये घेतो, नवीन घ्या." साताऱ्यातल्या एका दुकानाने हेच उत्तर देऊन आमचे १४,०७० रुपये घेतले आणि वर चांगलं मशीनही ठेवून घेतलं. मशीनला झालं काय होतं? सायलेन्सरच्या तोंडाशी असते ती ठिणगी अडवायची जाळी काजळीने भरली होती, धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. दुसरं काही नाही.

हिशोब मांडतो. कार्बोरेटर सर्व्हिस ४५०, नवा प्लग १२०, 'प्रेशर चेकिंग' (सिलिंडरमधला दाब मोजणं) २००, असे ७७० आधी घेतले. मग इंजिन बाद ठरवलं, जुन्या मशीनचे १,२०० धरले आणि १४,५०० चं '६२ सीसी' नवीन मशीन गळ्यात मारलं. म्हणजे आणखी १३,३०० रोख. पावती म्हणून मिळाली ती कच्ची चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही, मशीनचा नंबर नाही. गुऱ्हाळाचं जळण तोडायचं काम अडलं होतं, माणसं बसून होती. अशा वेळी कोणीही पटकन निर्णय घेतो आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं.

मशीन धाकटा भाऊ घेऊन गेला होता. मी फोनवर विचारलं, प्रेशर किती? "साठ." गेज लावला का? "लावला की." आणि पुरावा म्हणून पिस्टनचा फोटो पाठवला. तो फोटो आजही मोबाईलमध्ये आहे. वर्तमानपत्रावर पिस्टन, एक्झॉस्टच्या बाजूला उभे खोल ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. मागे आमचं मशीन, वरचं कव्हर काढलेलं. आणि त्या मशीनवर सायलेन्सर जागच्या जागी बसलेला! बोल्टच्या खाचेत तेल आणि भुशाचा काळा थर तसाच, सिलिंडरच्या पाकळ्यांत भुसा गच्च. पिस्टन बाहेर काढायचा तर सायलेन्सर उतरवावा लागतो, कार्बोरेटर सोडावा लागतो, सिलिंडरचे चार बोल्ट काढून सिलिंडर वर उचलावा लागतो. यातलं एकही झालेलं नव्हतं. तो पिस्टन दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा होता. पण फोटो असा काढला होता की पिस्टन ठळक आणि मशीन मागे अंधुक. माणसाची नजर ओरखड्यांवरच जाणार, आणि तेवढ्यासाठीच तर तो तसा काढलेला असतो. म्हणून सांगतो, पिस्टनचा फोटो पाठवला तर उघडलेल्या सिलिंडरसकट, मशीनचा नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. देत नसेल तर मशीन परत आणा.

प्रेशरचा आकडाही असाच पाडता येतो. थ्रॉटल न दाबता दोरी एकदा ओढली की गेज कमीच दाखवणार. खरी पद्धत अशी: इंजिन कोमट, चोक न लावलेला (हवेची वाट मोकळी), थ्रॉटल पूर्ण दाबलेला, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढत राहायची, साधारण पाच-सहा वेळा. १२० ते १५० पीएसआय (दाबाचं माप) आलं तर इंजिनात काही खोट नाही. ९० च्या खाली आलं तर मात्र इंजिन उघडून बघावं लागतं. गेज नसेल तर मशीन दोरीच्या मुठीला धरून लोंबकळत सोडा. झटके घेत हळूहळू खाली आलं तर दाब आहे, एका दमात खाली आलं तर गेला. दोरी हलकी येते असं दाखवत असतील तर आधी प्लग आवळलेला आहे का ते हाताने बघा. प्लग ढिला असला तर नव्या मशीनची दोरीसुद्धा हलकीच येते.

हे उघड कसं झालं? आमचंच जुनं मशीन शेजारच्या गावातल्या एकाने त्याच दुकानातून ७,५०० ला घेतलं आणि चेनला कानस मारायला आमच्याकडे आणलं. मागच्या मुठीची वेल्डिंग आमची, क्रँककेसवरचा नंबर आमच्या जुन्या बिलावरचा. त्याच्यासमोरच सायलेन्सर काढला. आत पिस्टन स्वच्छ, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा शाबूत. प्रेशर १४० पीएसआय. बदललेलं काही नाही, फक्त जाळी घासून परत बसवलेली. १,२०० ला घेतलेलं मशीन दहा मिनिटांच्या कामावर ७,५०० ला विकलं!

ही जाळी का भरते, तर ऑईल जास्त पडलं, हलकं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल वापरलं किंवा मशीन उगाच आयडलवर ठेवलं की काजळी साठते. चांगल्या टू-टी ऑईलला लिटरमागे २० मिली, म्हणजे ५०:१, पुरतं. मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर ४० मिली. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा, नाही निघालं तर गॅसच्या ज्योतीवर लाल करा, थंड झाल्यावर आपटलं की काजळी झडते. जाळी काढून टाकून मशीन चालवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. वाळक्या गवतात एक ठिणगी पडली तर अख्खा बांध जळेल. जाळीमागच्या एक्झॉस्टच्या भोकातही काजळी असते. ती खरवडताना पिस्टन वर आणून भोक झाकून घ्या, म्हणजे कचरा आत पडत नाही.

पण जाळीच्याही आधी चेन बघा. लाकडाचा कीस पडायला हवा. पीठ पडत असेल तर दोष धारेचा आहे, इंजिनाचा नाही. ३२५ पिचच्या (कड्यांमधल्या अंतराचं माप, ०.३२५ इंच) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, कोन ३० अंश, आणि दातापुढचा ठोकळा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. हा ठोकळा कोणी घासतच नाही, मग धार असूनही चेन लाकूड धरत नाही. चेन फार ताणलेली किंवा ब्रेक अर्धवट लागलेला असला तरी दम गेल्यासारखाच वाटतो. इंजिन ओरडतंय आणि चेन थांबतेय, तर क्लच घसरतोय.

पाच मिनिटं चालून दम जातो? टाकीचं झाकण जरा सैल करा. लगेच पिकअप आला तर झाकणाचा हवेचा मार्ग बंद आहे. नाही आला तर टाकीतला फिल्टर तारेच्या हुकाने बाहेर ओढा आणि बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी ओढून घेतं, नळी मऊ करतं, कार्बोरेटरचा पडदा कडक करतं. महिन्याच्या वर राहिलेलं मिश्रण मशीनमध्ये घालू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आणि कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) आवळून "बघा कसं तेज झालं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. स्क्रू आवळला की पेट्रोल कमी, त्याच्यासोबत ऑईलही कमी. दुकानात आवाज चढतो आणि रानात पिस्टन धरतो. फुल थ्रॉटलला, चेन मोकळी असताना आवाज किंचित फुटका यावा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हावा, एवढंच ठेवायचं.

नवीन घ्यायचंच असेल तर कधी? सिलिंडरच्या आतला मुलामा ओरखडून गेला असेल, कारण याला मोटरसायकलसारखं बोअर करून घेता येत नाही, सिलिंडर-पिस्टनचा सेटच घालावा लागतो. त्यात क्रँकला वर-खाली खेळ असेल, सीलमधून हवा जात असेल आणि एकूण खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तेव्हाच. एकटा कार्बोरेटर किंवा पिस्टन सेट गेला म्हणून कोणी मशीन टाकत नाही.

नव्या मशीनचं तर आणखी संतापजनक. '६२ सीसी' चं स्टिकर, आणि २२ इंची पट्टी लावली की लाकडात रडतंय. उघडून मोजलं: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३२. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस गुणिले ०.७८५ गुणिले ३२, भागिले हजार, म्हणजे ५०.९ सीसी. स्टिकरवर अकरा सीसी हवेतले! स्ट्रोक तर दुकानातही मोजता येतो: प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची पातळ काडी घाला, पिस्टन वर आणि खाली असताना खूण करा, दोन खुणांतलं अंतर हा स्ट्रोक. भोक तिरकं असेल तर मिलिमीटरभर फरक पडेल, पण ६२ सीसीचा दावा खोटा असेल तर एवढ्यावरही अंदाज येतो.

हे सगळं कागदावर मांडून ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे." दुसऱ्याच्या मशीनचा पिस्टन दाखवून पैसे काढले, हा दिवाणी मामला? वजन-मापाच्या कार्यालयात म्हणाले सीसी आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे आम्हालाच विचारलं, पक्कं बिल कुठे आहे? अहो, पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार! प्रत्येक टेबलावर आपण ऐकून घ्यायचं, पुन्हा सुरुवातीपासून सांगायचं, आणि समोरचा माणूस फोटोकडे बघतसुद्धा नाही. मोबाईल पुढे केला तर म्हणतात प्रिंट आणा, प्रिंट नेली तर म्हणतात साहेब नाहीत. चौदा हजार म्हणजे त्यांच्या लेखी किरकोळ. ऊस तोडून, जळण विकून ते कमावणाऱ्याला विचारा.

तुम्हाला असंच परत पाठवलं तर हे लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या फोन नंबरवर आधी तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, टपालानेही. आमचा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला आहे. सोबत तो पिस्टनचा फोटो, जुनं बिल आणि ७,५०० ला मशीन घेणाऱ्याचा सही केलेला जबाब जोडला आहे. त्याच दुकानातून '६२ सीसी' घेतलेला कोणी असेल तर स्ट्रोक मोजून ठेवा आणि चिठ्ठी फेकू नका.