पडवीचा पिवळा कोबा: अकरा महिन्यांनंतर

गेल्या मार्गशीर्षात गावच्या घराच्या पडवीला पिवळा कोबा करून घेतला. त्यात घातलेल्या पिवळ्या ऑक्साइडबद्दल सांगायचंय.

हा रंग म्हणजे लोखंडाचा गंजच, पाणी धरून ठेवलेला. पिवडीच्या मातीला पिवळेपणा येतो तोही याच्यामुळे. चुन्या-सिमेंटने तो बिघडत नाही.

आधी वीतभर नमुने करून पाहिले आणि ते फार कामी आलं. साध्या सिमेंटमधला नमुना शेवाळी निघाला. पांढऱ्या सिमेंटमधला मात्र पिकल्या गऱ्यासारखा! खर्च वाढला, पण पिवळ्याला पांढरं सिमेंटच हवं.

प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्के, म्हणजे 50 किलोला अडीच किलो. गवंडीमामा सवयीने डब्याने मापायला निघाले होते. पण पिवळ्याचे कण सुईसारखे, त्यामुळे पूड फुगीर असते. लाल ऑक्साइडचा तोच डबा कितीतरी जड भरतो. म्हणून काट्यावर तोललं, कोरडंच कालवलं आणि तीनदा चाळलं. दुसऱ्या दिवशी दाराजवळचा शेवटचा माल घाईत अंदाजाने कालवला गेला, तो सांधा आजही दिसतो. लोखंडी थापीने जास्त घोटलं तिथे काळपट ओरखडेही उठलेत. दोन्ही चुका कामातल्या, रंगाच्या नव्हेत.

पहिला महिनाभर पांढरी खार फुटत होती. पुसत राहिलो, चैत्रापर्यंत गेली.

पुढच्या दोन हातांवर दिवसभर ऊन असतं, पावसाळ्यात झड तिथेच येते. परवा बाकडं सरकवून खालची जमीन पाहिली. उन्हातली आणि सावलीतली, रंगात काही फरक नाही. पुसायच्या फडक्यालाही पिवळं लागत नाही. डाग एकच आहे: कोकमाच्या आगळाची, म्हणजे आंबट रसाची, बरणी कलंडली आणि घरात कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. आंबटाने सिमेंट खाल्लं, तिथे हात फिरवला की खरखरीत लागतं. आमसुलं, लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसा. संडास धुवायचं अ‍ॅसिड तर जवळही आणू नका.

आणखी एक. उरलेल्या पुडीतली चिमूट जुन्या तव्यावर तापवली. बघता बघता कडेपासून विटकरी होत गेली आणि गार झाल्यावरही तशीच राहिली. साधारण 200 अंशांच्या आसपास त्यातलं पाणी निघून जातं आणि उरतो तो लाल ऑक्साइड. म्हणून चुलीपुढच्या जागेत, जिथे निखारे पडतात, तिथे मी सरळ लालच घातला.