कृत्रिम लाळेचा स्प्रे: बोलायला पास, जेवायला नापास

घशाला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवतो. शेक संपले, गाठ गेली, लाळ मात्र पूर्वीसारखी परत आली नाही. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथी आणि जबड्याखालच्या ग्रंथी शेकाच्या वाटेतच येतात, त्यामुळे असं होतं म्हणे. फळ्यापाशी 'त्रिकोणमिती' म्हणायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची आणि तो चटचट आवाज पहिल्या बाकांपर्यंत जायचा.

डेंटिस्टबाईंनी हा स्प्रे लिहून दिला. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही. यातला मुख्य घटक कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, तो इतरही बऱ्याच कंपन्यांच्या स्प्रेत असतो. चव गुळमट, स्पर्श बुळबुळीत. जिभेखाली आणि गालांच्या आत मारला की अर्धा तास बोलणं निभतं, मग पुन्हा मारायचा. खरी लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते, तीही फुकट, तेव्हा या एवढ्याशा बाटलीकडून किती अपेक्षा ठेवणार!

तक्रार आहे ती नोझलची. बाटली खिशात राहिली की द्रव तिथेच वाळतो आणि ऐन तासाला फवाराच उडत नाही. कोमट पाण्याखाली धरलं की सुटतो, पण वर्गात कोमट पाणी आणायचं कुठून?

जेवणात उपयोग शून्य. कोरड्या भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, गिळवतच नाही. आमटीत कुस्करायची, मध्ये मध्ये ताकाचा घोट घ्यायचा, त्याला इलाज नाही. शेंगदाण्याची चटणीही आता दह्यात कालवूनच.

घटक वाचून घ्या. आंबटसर चवीच्या काही स्प्रेंमध्ये सायट्रिक ॲसिड असतं. लाळ नसली की दात आधीच झपाट्यानं किडतात, त्यात ही भर नको. फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट दिली असेल तर ती चुकवू नका.

रात्रीसाठी मात्र कोरड्या तोंडासाठीचं जेल घ्या. बोटानं हिरड्यांवर आणि जिभेवर चोपडून झोपलं की पाण्यासाठी सारखं उठावं लागत नाही. पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी लाळ सुटते, घामही सुटतो. मला दमा असल्यानं डॉक्टर नको म्हणाले. तुम्ही आपापल्या डॉक्टरांना विचारा.

स्प्रेला दहापैकी सहा, जेलला आठ. आधी लहान बाटलीच घ्या, ती चव सगळ्यांनाच झेपेल असं नाही.