नऊ कॉमन कनेक्शन, पण ओळखणारं कोणीच नाही

नोकरी गेल्यावर दोन महिने मी नुसत्या जाहिराती बघून अर्ज टाकत होतो. उत्तर एकाचंही नाही. मग माझ्या जुन्या साहेबांनी सांगितलं, "अर्ज कमी कर, ओळखी वाढव." सल्ला खोटा नव्हता. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच मांडलं होतं. म्हणून मी लिंक्डइन या नेटवर्किंगच्या साइटवर रोज तासभर बसायला लागलो.

तिथंच एका मोठ्या कंपनीत भरती बघणाऱ्या गृहस्थांची रिक्वेस्ट आली. खाली लिहिलेलं : नऊ कॉमन कनेक्शन, म्हणजे आम्हा दोघांच्याही यादीतली नऊ माणसं. त्यात माझे दोन जुने सहकारी होते. मी लगेच स्वीकारली.

त्यांनी घाई अजिबात केली नाही, आणि मी फसलो तो इथंच. तीन आठवडे ते माझ्या पोस्टवर समजून-उमजून लिहीत होते. एकदा माझ्या जुन्या प्रोजेक्टबद्दल इतका नेमका प्रश्न विचारला की, आपलं काम कोणीतरी खरंच वाचलंय, असं वाटून मला भरून आलं. बेकार माणसाला एवढं पुरतं. मग म्हणाले, "जागा अजून जाहीर झालेली नाही, मी तुमचं नाव पुढे करतो." बोलणं व्हॉट्सॲपवर गेलं. मुलाखत फोनवर झाली, कॅमेरा शेवटपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर! त्यासोबत पार्श्वभूमी पडताळणीची फी, पहिल्या पगारात परत मिळणार म्हणून. ती भरली. चार दिवसांनी लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं, तेही भरलं. पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर जात होते, कंपनीच्या नव्हे. ते मला दिसलं होतं, तरी मी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा मागणी आल्यावर बायकोनं लेटर हातात घेतलं. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' हा शब्द जोडलेला होता. खऱ्या कंपनीचा पत्ता तसा नाही. त्या पत्त्यातलं डोमेन, म्हणजे @ च्या पुढचं नाव, कधी नोंदवलंय हे शोधलं, तर जेमतेम महिनाभरापूर्वी. डोमेनची नोंदणी कुणालाही फुकट बघता येते. लिंक्डइनवर तर खातं कधी उघडलं तेही प्रोफाइलमध्येच कळतं. हे सगळं पाच मिनिटांचं काम होतं. मी लगेच बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. पैसे अजून मिळालेले नाहीत.

पैशांपेक्षा मला त्या नऊ जणांचं जास्त लागलं. मी एकेकाला फोन केला. त्या भरतीवाल्याला प्रत्यक्ष कोणीच ओळखत नव्हतं. प्रत्येकानं बाकीच्यांची नावं बघून रिक्वेस्ट स्वीकारली होती. लांबची ओळख कामाला येते ती मधला माणूस दोघांनाही खरोखर ओळखत असतो म्हणून, आणि इथं मधे कोणी नव्हतंच. आधी एका सहकाऱ्याला "हे कोण रे?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. रिक्वेस्ट आली की तेवढा एक फोन कराच.

आठ जणांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. नववी माझी जुनी सहकारी. ती फोनवर गप्पच झाली. तिची मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि माझं नाव त्याच्या यादीत बघूनच तिनं मुलाखतीला होकार दिला होता.