आवाज नक्की कुणाचा हवा?

'क्वीन ऑफ द डॅम्ड' (2002) या व्हॅम्पायरपटाच्या अल्बमवरून माझं आणि दादाचं आजही जुंपतं. सिनेमात लेस्टाट या रॉकस्टार व्हॅम्पायरच्या गाण्यांना आवाज 'कॉर्न' या रॉक बँडच्या जोनाथन डेव्हिसचा आहे. संगीतकार रिचर्ड गिब्ससोबत ती रचलीही त्यानेच. पण रेकॉर्ड कंपनीच्या करारामुळे अल्बमवर तो गाऊ शकला नाही. तीच पाच गाणी तिथे पाच वेगळे गायक गातात.

दादा म्हणतो, मूळ आवाज नाही तर त्यात राम नाही. मला मुळीच पटत नाही. 'सिस्टिम'मध्ये चेस्टर बेनिंग्टन हळुवार सुरू करतो आणि शेवटाकडे असा फुटतो की घशात आवंढा येतो. रात्री दिवे बंद करून हेडफोनवर ऐका. 'फॉरसेकन'मध्ये डेव्हिड ड्रेमनचा खणखणीत, ठाम आवाजही अगदी चपखल बसलाय. 'स्लेप्ट सो लाँग'पुरतं मात्र दादाचं खरं: जे गॉर्डन नेटका गातो, पण डेव्हिसची ती जखमी तडफड त्यात नाही.

उरलेल्या नऊ गाण्यांत 'डेफ्टोन्स' बँडचं 'चेंज' अप्रतिम, पण ते आधीच त्यांच्या 'व्हाइट पोनी' अल्बममध्ये होतं. बाकीची मी बहुतेक न ऐकताच पुढे जाते. त्या पाचांसाठी मात्र अल्बम जरूर घ्या.