ग्रुपवर टाकावं की भिंतीवर लिहावं?

माझी मामेबहीण यंदा बँकेतून निवृत्त झाली. दांडिया बाजारातल्या आजोळच्या वाड्याचे जुने फोटो तिच्याकडे आहेत, आजीची पाककृतींची वही आहे आणि आता हाताशी वेळही आहे. "दादा, हे सगळं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू की फेसबुकच्या भिंतीवर लिहू? लोक काहीबाही सांगून घाबरवतात," असं तिनं दिवाळीत विचारलं. फराळाच्या गडबडीत मी अर्धवट उत्तर दिलं, आणि ते मनाला लागून राहिलं. बडोद्याच्या मराठी घरांतून हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्हीकडे मी दहा वर्षांहून जास्त काळ लिहीत आलोय. इन्स्टाग्रामवरही वर्षभर होतो. पण तिथं चित्र पुढे आणि मजकूर मागे, आणि आपल्याला तर लिहायचंय. तेव्हा ते बाजूला ठेवू.

ग्रुपची बाजू आधी घेतो, कारण बहुतेकांचा ओढा तिकडेच असतो आणि तो रास्त आहे. ग्रुपमध्ये कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. आमच्या घरच्या ग्रुपवर तेवीस माणसं आहेत: काही इथं, काही पुण्यात, काही इंदूरला, दोघं अमेरिकेत. आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी सकाळी टाकली, तर दुपारचा डबा कोण नेणार आणि रात्री कोण थांबणार हे तासाभरात ठरलं होतं. असली कामं भिंतीवर होत नाहीत. शिवाय व्हॉट्सॲपवरचे निरोप २०१६पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे वाटेत ते कुणाला वाचता येत नाहीत. एवढंच लक्षात ठेवायचं की पोचल्यानंतर वाचणारा त्याचं काय करील, हे त्या कुलपाच्या हातात नसतं.

आता भिंत. माझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली सुरू झालेली ही संस्था; दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आजोबांच्या वर्गाचा एक फोटो आमच्याकडे आहे, काळ्या टोप्या घातलेली पंधरा-सोळा मुलं आणि मध्ये खुर्चीवर मास्तर. मागे एकही नाव नाही. घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अंगठे आणि जोडलेले हात आले, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गेला. मग तोच फोटो मी फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. पहिला आठवडाभर विशेष काही झालं नाही. पाचव्या महिन्यात नागपूरच्या एका बाईंची कमेंट आली: "दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरे माझे आजोबा." त्यांच्या घरी याच फोटोची प्रत होती आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. आज त्या फोटोतल्या नऊ जणांची नावं आम्हाला माहीत आहेत. माझे वडील तेव्हा हयात होते, त्यांनी ती नावं दोनदा वाचून घेतली. भिंतीकडे मी जरा झुकतो त्यात या गोष्टीचाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण धोक्याचं पारडं भिंतीकडे जड आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षांपूर्वी कुणा भामट्यानं माझं नाव आणि माझा फोटो उचलून दुसरं खातं काढलं आणि माझ्या यादीतल्या लोकांना निरोप धाडले: दवाखान्यात आहे, दहा हजार लगेच पाठव. एका जुन्या शेजाऱ्यांनी पाठवलेही. त्यांनी ते पैसे माझ्या काळजीपोटी दिले, म्हणून मला जास्त लागलं. माझी मित्रयादी वाटेल त्याला दिसत होती, त्यामुळे त्या माणसाला कुणाकडे मागायचं हे आयतंच कळलं. तेव्हापासून यादी "ओन्ली मी" करून ठेवलीय. जन्मसाल काढून टाकलं. भारतात २०२०पासून प्रोफाइल लॉक करायची सोय आहे, तीही वापरण्याजोगी आहे; मात्र लॉक केलं की अनोळखी माणसाला काही दिसत नाही, मग नागपूरच्या त्या बाईही आल्या नसत्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके ते हाती लागणं अवघड. शेजाऱ्यांनी फोन केला दुसऱ्या दिवशी, आणि रक्कम काही परत आली नाही.

नातवंडांचे फोटो मी भिंतीवर टाकत नाही. घरच्या ग्रुपवरही मुलाला आणि सुनेला विचारून टाकतो, कारण ते मूल त्यांचं आहे. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर. यावर फार बोलण्यासारखं नाही.

कायद्याची भीती मात्र लोकांना आहे त्यापेक्षा वेगळ्या जागी असायला हवी, असं मला वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम, ज्याखाली नुसत्या एका पोस्टवरून माणसं उचलली गेली होती, ते सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५मध्ये रद्द केलं. बाकीची कलमं आहेतच. बदनामी किंवा दोन समाजांत तेढ लावणं भिंतीवर गुन्हा असेल तर ग्रुपवरही आहे. "आपलाच ग्रुप आहे" म्हणून तिथं सैल बोलणारे या बाबतीत चुकतात. ग्रुप ॲडमिन झाल्यामुळे दुसऱ्याच्या पोस्टचं पाप आपोआप डोक्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये म्हटलंय, त्यामुळे ॲडमिननी तेवढा धीर धरायला हरकत नाही.

इथवर पाहिलं तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच होतात, किंबहुना ग्रुप थोडा सुरक्षित ठरतो. माझा कौल ठरला तो २०२४च्या ऑगस्टमध्ये.

आम्ही बडोद्याच्या समा भागात राहतो, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. त्या वर्षी गोकुळाष्टमीला पावसानं धरलं ते धरलंच. आजवा धरणाचं पाणी आणि वरचा पाऊस मिळून नदी ३७ फुटांच्या आसपास गेली. मंगळवारी, २७ तारखेला रात्री पावणेदहाच्या सुमारास मी जिन्यातून खाली जाऊन पाहून आलो आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "आत्ताच पाहून आलो. पाणी गेटच्या आत आलंय आणि वाढतंय. तळमजल्यावरच्यांनी लगेच वर यावं. पार्किंगमध्ये कुणी उतरू नये, मगर दिसली आहे." अर्ध्या तासात तळमजल्यावरची सहाही कुटुंबं वर आली. एक आजी आमच्याच घरी झोपल्या. ग्रुपनं त्या रात्री जे काम केलं ते दुसऱ्या कशानं झालं नसतं, हे मी मनापासून मान्य करतो.

मग तो निरोप सोसायटीच्या बाहेर पडला. कुणी वाईट हेतूनं पाठवला नसणार, काळजीनंच पाठवला. शुक्रवारी सकाळी आमच्याकडचं पाणी उतरलेलं होतं, तळमजल्यावर चिखल काढणं चाललं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: "आत्ताच पाहून आलो. पाणी गेटच्या आत आलंय आणि वाढतंय." माझेच शब्द होते. नाव नव्हतं, तारीख नव्हती, आणि शेजारी वेळ दिसत होती ८:१०. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवरून एकानं तो उचलून परत आमच्याकडे टाकला होता. चिखल काढणारी एक आई हातातला खराटा टाकून दोन्ही मुलांना घेऊन जिना चढत सुटली. धाकट्याचा पाय घसरला आणि हनुवटीला तीन टाके पडले. मी दारातच उभा होतो.

त्या दिवशी मला कळलं की फॉरवर्ड केलेल्या निरोपावर दिसते ती फॉरवर्ड केल्याची वेळ. तो मूळ कधी लिहिला गेला हे त्याच्याबरोबर येत नाही. फार फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण येते, पण त्या खुणेतही दिवस नसतो. सोसायटीच्या ग्रुपवरचा माझा मूळ निरोप मी लगेच पुसला. बाहेर गेलेल्या प्रतींना त्याचा पत्ताही नव्हता. दुरुस्तीची सोय फक्त पंधरा मिनिटांची असते, आणि तीही आपल्या मूळ निरोपापुरती. "हा निरोप मंगळवार रात्रीचा आहे, आता पाणी उतरलंय," असं नवं लिहून मी सतरा ठिकाणी पाठवलं. दुपारी पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, अजून पाणी वाढतंय?" दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, पहिला निरोप पोचला होता.

दोष मी कुणा ॲपला देत नाही. मी "आत्ताच" लिहिलं आणि तारीख घातली नाही, ही चूक माझी. पण भिंतीवर हीच चूक निस्तरता आली असती. बुधवारी मी फेसबुकवरही पुराबद्दल लिहिलं होतं आणि ते बऱ्याच जणांनी शेअर केलं. शुक्रवारी मी त्याच पोस्टच्या वर एक ओळ घातली, "शुक्रवार सकाळ: समात पाणी उतरलं आहे," आणि ज्यांनी ती शेअर केली होती त्या सगळ्यांकडे ती ओळ दिसू लागली, कारण शेअर म्हणजे प्रत नसते, मूळ पोस्टकडे उघडलेली खिडकी असते. तारीखही तिच्यावर होतीच. कुणी स्क्रीनशॉट काढला किंवा मजकूर उचलून आपल्या नावावर टाकला तर तिथंही इलाज नाही, हे खरं. पण निदान मूळ कुठं आहे हे दाखवता येतं.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. ज्यांना फक्त घरच्यांना काही कळवायचंय, ज्यांना अनोळखी माणसाच्या कमेंटनं रात्रभर झोप येत नाही, त्यांनी ग्रुपवरच राहावं. त्यांचं काही अडत नाही. मीही पुराची पहिली हाक उद्या ग्रुपवरच देईन, पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ घालून. पण जे चार दिवसांनी, चार वर्षांनी कुणी वाचावं असं वाटतं, ज्यात चूक निघाली तर सुधारायची आहे, ते मी भिंतीवर लिहितो.

तेव्हा तायडे, तुझ्यापुरतं सांगायचं तर वाड्याच्या आतले फोटो, देवघर, माणसं, हे घरच्या ग्रुपवर ठेव. आजीची वही भिंतीवर लिही. मित्रयादी आधी झाकून घे, मी रविवारी येऊन करून देतो. त्या वहीत सुरळीच्या वड्यांच्या पानावर शेजारी "खांडवी" असं लिहिलंय आणि खालचं ताकाचं प्रमाण ओघळून पुसलं गेलंय. आपल्या ग्रुपवर विचारून झालं, कुणालाच ते आठवत नाही. ते पान आधी टाक.