स्टोनहेंज-एव्हबरी स्टुडंट डे ट्रिप: ठिकाणं एक नंबर, वेळापत्रक मात्र उलटं

युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ग्रुपसोबत स्टोनहेंज, एव्हबरी (दोन्हीकडे उभ्या दगडांची प्राचीन वर्तुळं) आणि वेस्ट केनेट (प्राचीन दफनस्थळ) अशी एका दिवसाची ट्रिप केली, आखणी आणि कोच (बस) एका प्रायव्हेट कंपनीचा. इंग्लंडमध्ये शिकायला आलेल्या कोणीही ही ट्रिप करावीच असं मला मनापासून वाटतं, फक्त जाण्याआधी कुठे किती वेळ देणार ते विचारून घ्या, कारण आमचा बहुतेक दिवस स्टोनहेंजलाच गेला आणि एव्हबरीला जेमतेम पाऊण तास मिळाला.

स्टोनहेंजला तिकीट दाखवलं की लगेच दगड समोर येत नाहीत, व्हिजिटर सेंटर तिथून साधारण अडीच किलोमीटर लांब आहे. शटल बस असते पण जमत असेल तर चालतच जा, वाटेत गवताखाली जुन्या दफनांचे उंचवटे दिसतात आणि हा सगळा परिसरच किती महत्त्वाचा होता ते कळतं. दगडांभोवती दोर आहे, नेहमीच्या तिकिटावर आत जाता येत नाही, बाहेरूनच फेरी मारायची. फेरी मारताना सगळ्यात उंच उभ्या दगडाचा माथा नीट बघा, वर एक गोल उंचवटा दिसेल, ती खुंटी आहे! आडव्या दगडाला खालून खाच पाडून त्या खुंटीवर बसवायचे, म्हणजे सुतारकामातला सांधा चक्क दगडात, तेही इ.स.पू. २५०० च्या सुमारास.

आमच्यासोबत आर्किऑलॉजी शिकणारी एक सीनियर होती, तिने कोचमध्येच सगळं समजावून सांगितलं, आणि ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तीच. मोठे दगड बहुतेक २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वूड्समधले, लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून २०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावरून आणलेले, आणि ऑल्टर स्टोन नावाचा मधला दगड तर ईशान्य स्कॉटलंडचा असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. हे डोक्यात असलं की समोरचे दगड वेगळेच दिसतात. तुमच्या ग्रुपमध्ये असं कोणी असेल तर त्यांना आग्रहाने घेऊन जा.

दीड-दोन तासांत तिथलं सगळं नीट बघून होतं. पण कोचची वेळ आधीच ठरलेली, त्यामुळे नंतर बराच वेळ गिफ्ट शॉपमध्ये नुसतं घुटमळत बसावं लागलं आणि तोच वेळ पुढे कमी पडला, याचं खरंच वाईट वाटलं.

कारण एव्हबरी! इथलं वर्तुळ एवढं मोठं आहे की आत अर्धं गाव वसलंय, मधून रस्ता जातो, मेंढ्या चरतात आणि दगडांपर्यंत जायला तिकीटही नाही. हात लावता येतो, खडबडीत दगडावर पिवळट-राखाडी शेवाळ्यासारखे डाग आणि खालच्या बाजूला मेंढ्यांची लोकर अडकलेली. मध्ययुगात लोकांनी इथले बरेच दगड पाडून पुरले होते. १९३८ मध्ये त्यातला एक उकरताना खाली माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी, म्हणून त्या दगडाला बार्बर स्टोन, म्हणजे न्हाव्याचा दगड, म्हणतात. पुढे अनेक दगड आगीने तापवून, पाणी ओतून फोडले आणि घरांना वापरले, त्यामुळे गावातल्या भिंतीही बघायच्या असतात. आम्हाला त्या गल्ल्या धड फिरताच आल्या नाहीत. जिथे मूळ दगड गेलेत तिथे काँक्रीटचे छोटे खांब आहेत, ते मोजत पूर्ण फेरी मारायला निवांत दोन तास हवेत.

वेस्ट केनेटला रस्त्यापासून शेताच्या कडेने चढून जावं लागतं. जवळजवळ १०० मीटर लांबीचं मातीचं दफनस्थळ, इ.स.पू. ३६५० च्या आसपासचं, स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांपेक्षाही हजारेक वर्षं जुनं. आत दगडी खोल्या आहेत, तिथे साधारण ३६ माणसांचे अवशेष मिळाले होते, लहान मुलांचेसुद्धा. आत गेल्यावर सगळा ग्रुप आपोआप हळू बोलायला लागला. बाहेर आलात की समोर सिल्बरी हिल दिसते, ती माणसांनी रचलेली टेकडी आहे, वर चढायला बंदी आहे.

ठिकाणांना पाचपैकी पाच, आखणीला अडीच. ग्रुप स्वतः प्लॅन करत असेल तर सकाळी लवकरचा स्लॉट बुक करून स्टोनहेंज आधी उरका आणि दुपार पूर्ण एव्हबरीला द्या. वेस्ट केनेटची वाट पावसात प्रचंड चिखलाची होते, त्यामुळे चांगली ग्रिप असलेले बूट घाला, आणि आतल्या खोल्या अंधाऱ्या आहेत तर फोनला टॉर्चपुरती बॅटरी ठेवा.