राज्याच्या तिजोरीला आधार कुणाचा: जीएसटी की मुद्रांक शुल्क?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. महाराष्ट्राने कुठल्या करावर भिस्त ठेवावी, यावर तिचं मन ठरेना. दोन्ही करांना एकच माप लावून पाहिलं.

आधी नियमितपणा. मिक्सरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. त्यात ९ टक्के केंद्राचा, ९ राज्याचा. माल कुठेही बनो, राज्याचा वाटा जिथे तो वापरला जातो त्या राज्याला मिळतो. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या बाजारपेठा असल्यामुळे आपल्याकडे हा ओघ दर महिन्याला चालूच राहतो. मुद्रांक शुल्क मात्र घरांच्या व्यवहारांवर अवलंबून. बाजार थंडावला की तेही आटतं.

दर ठरवण्याच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुलै २०१७ पासून जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या मिळून असलेल्या जीएसटी परिषदेत ठरतात, एकटं राज्य काही करू शकत नाही. मुद्रांक शुल्क राज्याच्या हातात आहे. कोरोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, ते ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं.

भार कुणावर? जीएसटी गरिबाच्या खरेदीतही असतो. मुद्रांक शुल्क मात्र घर घेणाऱ्यावर: पुण्यात ५० लाखांच्या फ्लॅटवर, ५ टक्के शुल्क आणि वरचे अधिभार धरून, ७ टक्क्यांनी साडेतीन लाख एकदम भरावे लागतात. घर बाईच्या नावावर घेतलं तर तीन लाख.

पगार, पेन्शन अशा दरमहाच्या खर्चाला जीएसटीच हवा. अडचणीच्या काळात लोकांना चटकन सवलत द्यायची, तर मुद्रांक शुल्क कामाचं.